गोळाबेरीज करायची कशी? (न्यूरल नेटवर्क, फझी लॉजिक आणि माझे वाया गेलेले तीन आठवडे)

तराजू | रविवार, रात्री १०:१२

तीन आठवडे माझं एक न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम) काही केल्या शिकायला तयार नव्हतं. शेवटी दोष सापडला तो एका चिमुकल्या शब्दात: "आणि". राग अजून ताजा आहे तोवर लिहून काढतो.

काम साधं होतं. दुकानांची स्कॅन केलेली बिलं वाचायची. तारीख, जीएसटी क्रमांक, रकमांच्या ओळी, एकूण रक्कम. लेबल लावलेली, म्हणजे बरोबर उत्तरं सोबत लिहिलेली बिलं हाताशी कमी, पण बिलांचे नियम मात्र आपल्याला आधीच ठाऊक असतात. ओळींची बेरीज एकूण रकमेशी जुळली पाहिजे, तारीख उद्याची नसावी, जीएसटी क्रमांक असेल तर कराची ओळ असलीच पाहिजे. असे बारा नियम काढले. म्हटलं, नियमांनाच मास्तर करू. प्रत्येक नियम कितपत पाळला गेला याचा ० ते १ मधला एक आकडा, बारा आकड्यांचा मिळून एक आकडा, आणि तो १ कडे नेत राहायचं.

इथे फझी लॉजिक आलं. लोटफी झादे यांनी १९६५ मध्ये बर्कलीत असताना मांडलेली ही कल्पना: "उंच", "गरम", "बऱ्यापैकी" अशा शब्दांना हो-नाहीत न कोंबता ० ते १ मधली मात्रा द्यायची. "आणि" साठी त्यांनी किमान घेतलं, "किंवा" साठी कमाल. मीही किमान घेतलं. बारापैकी सगळ्यात कमी पाळलेला नियम जो, तोच निकाल. पाच विषयांत नव्वद आणि सहाव्यात तीस, तर नापास. कडक पण न्याय्य वाटलं.

घोळ असा की किमान घेतलं की ग्रेडियंट (निकाल कुठल्या दिशेला वाढतो ते दाखवणारा उतार) फक्त त्या एका नियमाला मिळतो. उरलेले अकरा वर्गात बसलेत, पण त्यांच्याकडे कुणी बघतच नाही. आणि माझा तळाचा नियम कायम तारखेचाच. का? तर माझ्याच लेबलांत गोंधळ होता, काही बिलांवर दिवस आधी धरलेला, काहींवर महिना. म्हणजे नेटवर्क तीन आठवडे एका खोट्या तक्रारीचा निकाल लावत बसलं होतं.

मग गुणाकार केला. पण शंभर गोष्टी प्रत्येकी ०.९ खऱ्या असल्या, तर गुणाकार येतो साधारण ०.००००२७. जवळजवळ सगळं बरोबर असूनही पदरात भोपळा. तिसरा पर्याय पोलिश तर्कशास्त्रज्ञ लुकासिएविचचा: सगळ्यांची बेरीज करा, त्यातून "संख्या उणे एक" वजा करा, शून्याखाली गेलं तर शून्य धरा. दहा गोष्टी प्रत्येकी ०.९, बेरीज ९, वजा ९, हाती शून्य. हे शून्य गुणाकाराच्या शून्यापेक्षा वाईट, कारण त्याच्याही खाली गेलात की सपाट मैदान लागतं. ग्रेडियंटच नाही, कुठल्या दिशेला जायचं तेच कळत नाही.

किमान, गुणाकार, लुकासिएविच, तिघेही टी-नॉर्म, म्हणजे फझी लॉजिकमधल्या "आणि"चे अवतार. तर्कशास्त्राच्या पुस्तकात तिघांनाही सारखाच मान. शिकवायला बसवल्यावर मात्र प्रत्येकाची वेगळी खोड निघते. आपण नेटवर्कचे थर किती, त्यातले न्यूरॉन (आकड्यांना वजन लावून बेरीज करणारे ठिपके) किती यावर रात्री घालवतो आणि आकडे एकत्र कसे करायचे ते सवयीने ठरवून टाकतो. माझ्या मते नेटवर्क काय शिकणार याचा अर्धा निकाल तिथेच लागलेला असतो. पटत नसेल तर भांडा.

निमाताई | रविवार, रात्री १०:५०

छान लिहिलंय. मी गणित शिकवायचे, आता निवृत्त. ग्रेडियंट म्हणजे उतार हे कळलं. पण "नियमाला ग्रेडियंट मिळतो" म्हणजे नेमकं काय?

आणि पास-नापासाचं उदाहरण दिलंत म्हणून दहावीच्या निकालाची एक शंका. पास-नापास ढोबळमानाने किमानावर ठरतं हे खरं, पण टक्के काढताना बोर्ड बेस्ट ऑफ फाइव्ह घेतं. ती कुठली गोळाबेरीज?

तराजू | रविवार, रात्री ११:२५

निमाताई, निकालाच्या आकड्याला विचारायचं: "हा नियम जरासा जास्त पाळला गेला असता तर तू किती वाढला असतास?" उत्तर शून्य आलं तर त्या नियमापायी नेटवर्क स्वतःत काहीच बदल करत नाही. किमानात अकरा नियमांचं उत्तर शून्यच येतं.

दुसरा प्रश्न तर सोन्यासारखा आहे. बेस्ट ऑफ फाइव्ह म्हणजे चक्क ओडब्ल्यूए, रोनाल्ड यागर यांनी १९८८ मध्ये मांडलेली क्रमवार भारित सरासरी. नेहमीच्या भारित सरासरीत वजन विषयाला असतं: गणिताला इतकं, भाषेला इतकं. यात आधी गुण उतरत्या क्रमाने लावायचे आणि वजन *क्रमांकाला* द्यायचं. पहिल्या पाच क्रमांकांना प्रत्येकी एक पंचमांश, सहाव्याला शून्य. कुणाचं गणित गळेल, कुणाची हिंदी, सूत्र तेच. सगळं वजन पहिल्या क्रमांकाला दिलं की कमाल, शेवटच्याला दिलं की किमान, सगळ्यांना सारखं दिलं की साधी सरासरी. कडकपणापासून लाडापर्यंत एकच खुंटी पिळत जायचं. नेटवर्कमध्ये ही वजनं शिकताही येतात, आणि म्हणूनच पूलिंगच्या थरात (जिथे अनेक आकड्यांचा एक आकडा होतो) लोक ती वापरून बघतात.

आपल्याकडे २०१० मध्ये यावर कोर्टकचेरी झाली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. वजनांच्या यादीतल्या एका शून्यासाठी एवढं!

निमाताई | रविवार, रात्री ११:३१

अगदी आठवतंय. त्या वर्षी अकरावीचे प्रवेश लटकले होते. त्याला ओडब्ल्यूए म्हणतात हे माहीत असतं तर पालकांना तेच सांगितलं असतं, निदान गप्प तरी बसले असते.

जुनाट | सोमवार, सकाळी ७:०५

सकाळी सकाळी फझी लॉजिक वाचून गहिवरून आलं. नव्वदच्या दशकात वॉशिंग मशीनवर "फझी लॉजिक" असा स्टिकर असायचा. आमच्या हिने तो अजून जपून ठेवलाय, मशीन गेलं भंगारात.

आमच्या पिढीत याची खरी हवा होती. १९७५ मध्ये लंडनला ममदानी आणि असिलियन यांनी छोट्या वाफेच्या इंजिनाला फझी नियमांवर चालवलं. १९८७ मध्ये जपानात सेंदाईची भुयारी रेल्वे हिताचीच्या फझी कंट्रोलरवर धावली. १९९३ मध्ये जँगचं अ‍ॅनफिस आलं. पाच थरांचं नेटवर्क: पहिल्यात "थोडं गरम, बरंच गरम" अशा मात्रा, दुसऱ्यात गुणाकाराने "आणि", तिसऱ्यात ताळमेळ, चौथ्यात साधी सूत्रं, पाचव्यात बेरीज. एम.ई.ला मी तेच केलं होतं. आपल्या नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकीतूनही फझी हायपरलाइन सेगमेंट न्यूरल नेटवर्क निघालं होतं, २००१च्या आसपास.

पण मग १९९३ मध्येच चार्ल्स एल्कन यांनी बोचरा प्रश्न केला: हे चालतं ते फझी लॉजिकमुळे चालतं, की नियम मुळात थोडे आणि साधे असतात म्हणून? मला अजून त्याचं धड उत्तर मिळालेलं नाही. आणि हे सगळं संभाव्यतेत मांडता येत असेल तर हा वेगळा संसार कशाला?

काटेकोर | सोमवार, सकाळी ९:४०

जुनाटकाका, संभाव्यता आणि मात्रा एक नव्हेत. "उद्या पाऊस पडण्याची शक्यता ०.७" म्हणजे पडेल की नाही हे आज माहीत नाही, उद्या कळेल. "पाऊस ०.७ जोरात आहे" म्हणजे मी खिडकीत उभा आहे, पाऊस समोर दिसतोय, शंका कसलीच नाही, फक्त भुरभुर म्हणू की सर म्हणू यावर घरात वाद आहे. पहिला आकडा अज्ञानाचा, दुसरा शब्दाच्या सैलपणाचा.

बाकी धागाकर्त्यांनी एक व्याख्या गाळली. ऍग्रिगेशन फंक्शन म्हणजे काहीही एकत्र करणं नव्हे. अटी दोन. पहिली: सगळे आगत (आत जाणारे आकडे) शून्य असतील तर उत्तर शून्य, सगळे एक तर उत्तर एक. दुसरी: कुठलाही आगत वाढला तर उत्तर कमी होता कामा नये. त्यामुळे ऋण वजन असलेला न्यूरॉन या व्याख्येत बसतच नाही.

केतकी_आम्स | सोमवार, दुपारी १:१५

तराजू, तुमचे तीन आठवडे ज्यात गेले त्याच विषयावर इथे आम्सटरडॅमच्या फ्राय युनिव्हर्सिटीत एक प्रबंधच झालाय. व्हान क्रीकेन, अजार आणि व्हान हार्मेलेन यांचा २०२२ चा लेख शोधा, टी-नॉर्मच्या ग्रेडियंटची अशी चिरफाड दुसरीकडे सापडणार नाही.

थोडक्यात उपाय: गुणाकार ठेवा, पण त्याचा लॉगॅरिदम घ्या. गुणाकाराची बेरीज होते, भोपळा पळतो, प्रत्येक नियमाला आपला वाटा मिळतो, आणि जो कमी पाळलाय त्याला जास्त. शिवाय हे तुम्हाला ओळखीचं वाटेल, कारण क्रॉस-एंट्रॉपी, म्हणजे नेटवर्कची चूक मोजायचं नेहमीचं माप, तीच. जुनाटकाका, संभाव्यतेचं घर आणि फझीचं घर इथे एका भिंतीने जोडलेलं आहे बघा. किंवा लॉजिक टेन्सर नेटवर्कवाले (नेटवर्कला तर्काचे नियम शिकवणारे) करतात तसं: प्रत्येक नियमाची चूक मोजून तिची घातांकी सरासरी काढा. घातांक १ ठेवला तर साधी सरासरी, वाढवत नेला तर किमानाकडे. सुरुवातीला मऊ, मग हळूहळू कडक.

पण खरा सापळा "आणि" मध्ये नाही, "तर" मध्ये आहे. तुमचा जीएसटीचा नियम कसा लिहिला होतात?

तराजू | सोमवार, दुपारी २:०२

"क्रमांक असेल तर कराची ओळ हवी." क्रमांक असल्याची मात्रा अ, ओळीची ब. मग १ − अ + अब. राइखेनबाख या तत्त्वज्ञाच्या नावाचं सूत्र. का हो?

केतकी_आम्स | सोमवार, दुपारी २:२०

बिलावर नेटवर्कला अ = ०.५ वाटतंय आणि ब = ०.१, असं धरा. ब वाढवण्यासाठीचा ओढा अ इतका, म्हणजे ०.५. अ *कमी करण्यासाठीचा* ओढा १ − ब, म्हणजे ०.९. कराची ओळ शोधण्यापेक्षा "या बिलावर जीएसटी क्रमांकच नाही" म्हणणं नेटवर्कला स्वस्त पडतं. नियम शंभर टक्के पाळला!

तराजू | सोमवार, दुपारी २:२६

अरे देवा. परवापासून ते हेच करतंय. ढळढळीत क्रमांक छापलेला असतो आणि हे म्हणतं, नाही. मला वाटलं स्कॅन पुसट आहे.

बिनधास्त_बंडू | सोमवार, दुपारी २:३१

कर नाही त्याला डर कशाला!

काटेकोर | सोमवार, दुपारी २:३३

बंडू, धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद. +१

जुनाट | सोमवार, दुपारी ३:१०

हसून हसून चहा सांडला. आमच्या वेळी नियम माणूस लिहायचा आणि आकडे यंत्र जुळवायचं, त्यामुळे यंत्राला पळवाट काढायची संधीच नसे. आता नियमाची एक बाजूही यंत्राच्याच हातात. चोराच्या हाती किल्ल्या.

केतकी_आम्स | सोमवार, दुपारी ३:४०

अगदी. त्यावर साधा उपाय: "तर"च्या आधीच्या बाजूचा ग्रेडियंट अडवा. क्रमांक आहे की नाही ते फक्त लेबलांकडून शिकू दे, नियमाला फक्त ब वर हात लावू दे.

काटेकोर | सोमवार, रात्री ९:०५

सकाळी मी न्यूरॉनला व्याख्येबाहेर काढलं, पण त्यातलाच एक सुंदर अपवाद सांगायचा राहिला. समजा दोन साक्षीदार. पहिला म्हणतो ०.८, दुसराही ०.८. सरासरी ०.८. पण दोन स्वतंत्र माणसं तेच म्हणत असतील तर आपला विश्वास वाढायला नको? हे सूत्र घ्या: वर अ गुणिले ब, खाली तेच अधिक (१−अ) गुणिले (१−ब). ०.८ आणि ०.८ घातले तर ०.६४ भागिले ०.६८, म्हणजे ०.९४. ०.८ आणि ०.५ घातले तर ०.८ तसाच, कारण ०.५ म्हणजे "मला काही माहीत नाही". ०.८ आणि ०.२ घातले तर बरोबर ०.५, फिट्टंफाट.

याला युनिनॉर्म म्हणतात. नाव यागर आणि रिबालोव्ह यांचं, १९९६. आता मजा बघा: प्रत्येक आकड्याचं लॉजिट (आकडा भागिले एक उणे आकडा, त्याचा लॉगॅरिदम) काढा, बेरीज करा, सिग्मॉइडमधून (बेरीज पुन्हा ० ते १ मध्ये आणणाऱ्या उलट सूत्रातून) काढा, तर हेच उत्तर येतं. म्हणजे सगळी वजनं १ आणि बायस (बेरजेत वरून मिळवायचा आकडा) शून्य असलेला जुना सिग्मॉइड न्यूरॉन हा आतून युनिनॉर्म आहे. फझीवाले आणि न्यूरलवाले वर्षानुवर्षं एकाच विहिरीवर वेगवेगळ्या बाजूंनी पाणी शेंदत होते.

रानमेवा | सोमवार, रात्री ९:५०

आतापर्यंत फक्त वाचत होते. मी ग्राफ (रेषांनी जोडलेले बिंदू) वाचणाऱ्या न्यूरल नेटवर्कवर काम करते, तिथे हा प्रश्न रोज अंगावर येतो. प्रत्येक बिंदू शेजाऱ्यांकडून निरोप घेतो आणि त्यांचं काहीतरी एक करतो. सरासरी करू, कमाल घेऊ की बेरीज?

समजा शेजारी सांगताहेत "आज नळाला पाणी नाही". एका घराने सांगितलं काय किंवा दहा घरांनी, सरासरी तीच, कमाल तीच. नळ बिघडलाय की सगळी लाइन बंद आहे हे कळणारच नाही. बेरजेला कळतं. शू, हू, लेस्कोवेच आणि येगेल्का यांनी २०१९ मध्ये हे नीट सिद्ध केलं: बेरीज (आणि पुढे पुरेसं दमदार नेटवर्क) असेल तर ग्राफ वेगळे ओळखण्याची ताकद वाइसफाइलर-लेमन चाचणीइतकी (दोन ग्राफ वेगळे आहेत का ते तपासायची जुनी रीत) जाते, सरासरी आणि कमाल त्याच्या मागे राहतात. पण बेरजेचा त्रास असा की एखाद्या बिंदूला हजार शेजारी असले की आकडा फुगतो. म्हणून २०२० पासून काही जण सरासरी, कमाल, किमान, प्रमाण विचलन, सगळेच एकदम काढून पुढच्या थरापुढे टाकतात. घे बाबा, तुला हवं ते.

काटेकोरांच्या व्याख्येत बेरीज बसत नाही हे माहीत आहे. तरी जिंकते तीच. :)

काटेकोर | सोमवार, रात्री १०:१०

मान्य. व्याख्येवर हट्ट धरणाऱ्यांना अटेंशननेही (कुठल्या आकड्याकडे किती लक्ष द्यायचं ते नेटवर्कनेच ठरवायची रीत) घाम फोडलाय. ती भारित सरासरीच, पण वजनं आकड्यांवरूनच ठरतात, आणि तिथे एकदिशा वाढीची अट मोडू शकते. साधं उदाहरण: दोन आकड्यांच्या वर्गांची बेरीज भागिले आकड्यांची बेरीज. (१, ०) चं उत्तर १. दुसऱ्याला ० वरून ०.३ वर नेलं तर १.०९ भागिले १.३, उत्तर ०.८४. एक आगत *वाढला* आणि निकाल *घसरला*. अशांना घराबाहेर न काढता स्पेनमधल्या पॅम्प्लोनाच्या आणि ब्राझीलच्या मंडळींनी २०१६ मध्ये "प्री-ऍग्रिगेशन" नावाची ओसरी बांधली: सगळ्या दिशांना नको, निदान एका दिशेने चढत जा म्हणजे झालं.

रानमेवा | सोमवार, रात्री १०:१५

रस्त्यात बैल मोकळे सोडणाऱ्या पॅम्प्लोनात एकदिशा वाढीची अट सैल झाली, यात नवल ते काय. (ह.घ्या.)

तराजू | मंगळवार, रात्री ११:००

केतकी, ग्रेडियंट अडवला, किमान काढून लॉग-गुणाकार लावला, तारखांची लेबलं दोन दिवस बसून हाताने दुरुस्त केली. नेटवर्क आता जीएसटी क्रमांक लपवत नाही. किमान मी फेकलेलं नाही. शिकवताना नाही, पण तपासताना ठेवलंय. "या बिलात सगळ्यात जास्त मोडलेला नियम कुठला" हे माणसाला दाखवायला त्याच्याइतकं प्रामाणिक काही नाही.

आता नवीन दुखणं. बिल वाचायला तीन मॉडेलं ठेवलीत, क, ख, ग. पैकी क आणि ख एकाच डेटावर शिकलेली, त्यामुळे दोघं कायम एका सुरात बोलतात. सरासरीत त्यांचं पारडं उगाच जड होतं. वजन कमी करू?

काटेकोर | मंगळवार, रात्री ११:३५

नुसत्या वजनाने भागणार नाही, शॉके इंटिग्रल लागेल. गुस्ताव्ह शॉके हे फ्रेंच गणिती, त्यांचा सिद्धांत १९५०च्या दशकातला; सुगेनो यांनी १९७४ मध्ये टोकियोत आपलं वेगळं फझी इंटिग्रल मांडलं. यात वजन एकेकट्याला न देता *टोळीला* देतात. एकटा कुणीही ०.४. क आणि ख मिळून फक्त ०.५, कारण दुसरा नवं काही सांगत नाही. ग आणि दोघांपैकी एक मिळून ०.८. तिघं मिळून १.

क ०.९ म्हणाला, ख ०.८, ग ०.३. ०.३ पर्यंत तिघंही आहेत: ०.३ गुणिले १. तिथून ०.८ पर्यंत क आणि ख: ०.५ गुणिले ०.५, म्हणजे ०.२५. शेवटचा ०.१ एकटा क: ०.०४. एकूण ०.५९. आता तेच आकडे, फक्त ख आणि ग यांची अदलाबदल: ०.३ अधिक ०.४ अधिक ०.०४, म्हणजे ०.७४. सरासरी दोन्ही वेळा ०.६७च.

किंमत अशी की तिघांसाठी सहा आकडे ठरवावे लागतात, दहा जणांसाठी १०२२.

निमाताई | बुधवार, सकाळी ८:२०

हे वहीत उतरवून घेतलं आणि सोडवून पाहिलं, बरोबर येतंय. आता माझी अडचण ऐका. आमच्या सोसायटीत मुलांची निबंध स्पर्धा आहे. परीक्षक तीन, पैकी दोघं नवरा-बायको. शॉके लावू का?

बिनधास्त_बंडू | बुधवार, सकाळी ८:२४

ताई, लावा. पण त्या दोघांच्या टोळीला ०.५ दिलंत हे त्यांना कळू देऊ नका.

निमाताई | बुधवार, सकाळी ८:४०

त्यांचं एकमत कधी होतच नाही हो. त्यांना ०.८ द्यावं लागेल.